माणिक ते तुकडोजी : वऱ्हाडातील एका भजनगायकाचा उदय (१९०९–१९४२)

तुकडोजी महाराजांविषयी विपुल लेखन झालेले आहे; परंतु त्यातील बराच भाग चरित्रापेक्षा माहात्म्याच्या सदरात पडतो. ग्रामगीतेचे कर्ते, ग्रामोद्धाराचे पुरस्कर्ते आणि ‘राष्ट्रसंत’ या तीन नात्यांनी त्यांचा गौरव करण्यात येतो, व तो यथोचितच आहे. मात्र या तिन्ही भूमिकांच्या आधीची आणि त्या तिन्हींना आधारभूत असलेली भूमिका गायकाची होय. वऱ्हाडातील खेड्यापाड्यांतून लोक त्यांच्याभोवती जमू लागले, तेव्हा ग्रामगीता लिहिली गेलेली नव्हती, आश्रम उभा राहिलेला नव्हता आणि ‘राष्ट्रसंत’ ही पदवीही त्यांस मिळालेली नव्हती. हाती खंजिरी घेतलेला, कोणाचे पाठबळ नसलेला एक तरुण स्वतः रचलेली पदे गात होता, एवढेच त्या समाजापुढे होते. हा तरुण वीस-पंचवीस वर्षांच्या अवधीत सबंध मध्यप्रांत-वऱ्हाडाला परिचित कसा झाला, हा प्रश्न इतिहासाचा आहे. गुरुकृपा किंवा तपःसामर्थ्य एवढ्या उत्तराने भक्ताचे समाधान होईल. इतिहासाच्या अभ्यासकाला त्याच्या अलीकडे थांबून गाण्याचे स्वरूप, ते ऐकणारा समाज आणि तो काळ यांचा विचार करावा लागतो.

प्रथम भूमीचा विचार करू जाता असे दिसते की, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडची घडी पार बदलली होती. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिला. १९०३ पासून तो कायम भाडेपट्ट्याने मध्यप्रांताशी जोडण्यात आला. १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला, आणि अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्थानके कापसाच्या व्यापाराची नाकी बनली. पैसा आला, सरक्या काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने आले, आणि त्यांच्याबरोबर सावकारी व दारूही आली. पुढे तुकडोजींच्या पदांतून कर्ज, व्यसन, फुकाचा बडेजाव आणि लग्नकार्यातील उधळपट्टी यांवर जो प्रहार दिसतो, त्याचे मूळ अध्यात्मात शोधण्यापूर्वी या कापूसकाळात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

याच भूमीत गाण्याचेही अनेक प्रवाह वाहत होते. वारकरी मंडळांचे टाळ-मृदंगाचे भजन होते, गोंधळ होता, दंडार होती, डहाक्यावरची गाणी होती, मुलींची भुलाबाईची गाणी होती. आणि सातपुड्यातील महादेवाला पायी जाणाऱ्या जथ्यांची महादेवाची गाणी होती. यांखेरीज दारोदार हिंडणारे गोसावी, फकीर आणि निर्गुणी भजने गाणारे साधू उत्तरेकडून पदे घेऊन येत. वऱ्हाडच्या उत्तर सीमेवर बैतूलचा हिंदी मुलूख लागून असल्यामुळे हिंदी पद येथील कानाला कधीच परके वाटले नाही.

अशा प्रदेशात, अमरावती जिल्ह्यातील यावली या खेड्यात, एप्रिल १९०९ मध्ये माणिक बंडोजी यांचा जन्म झाला. आईचे नाव मंजुळाबाई. घराणे ब्रह्मभटांचे. भाटांचा परंपरागत व्यवसाय स्तुतिपाठ व वंशावळी गाण्याचा. हे घराणे त्या व्यवसायावर जगत नव्हते, घरची स्थितीही अत्यंत हलाखीची होती. तथापि शब्दाला चालीत बसवून लोकांपुढे मांडण्याचा संस्कार ज्या समाजात जुना आहे, त्यात हा मुलगा वाढला ही गोष्ट नजरेआड करण्याजोगी नाही. शिक्षण प्राथमिक शाळेच्या पहिल्या काही इयत्तांपलीकडे गेले नाही. (मराठी मुलखातील दोन विद्यापीठे आज वऱ्हाडच्या ज्या दोन पुरुषांची नावे धारण करतात, त्या दोघांनाही शाळेने फारसे काही दिले नव्हते, हे येथे सहज नमूद करावेसे वाटते.) बालपणाचा काही काळ वरखेड येथे गेला, आणि तेथेच आडकोजी महाराजांशी त्याचा संबंध आला. आडकोजी हे विरक्त, अवलिया वृत्तीचे सत्पुरुष. माणिक त्यांच्यापुढे भजने म्हणत असे. त्याच्या किशोरवयातच आडकोजींनी देह ठेवला.

‘तुकडोजी’ हे नाव याच संबंधातून आले, आणि या नावाविषयी दोन कथा प्रचलित आहेत. एका कथेनुसार मुलगा तुकोबांचे अभंग गात असता आडकोजींनी त्याला स्वतःच्या नावाची मुद्रा घालून गाण्यास सांगितले, व ‘तुकड्या’ हे नाव दिले. दुसऱ्या कथेनुसार भजन म्हणून मिळालेल्या भाकरीच्या तुकड्यांवर तो निर्वाह करी, म्हणून तो तुकड्या. या दोहोंपैकी खरी कोणती, याचा निवाडा करण्याचा प्रयत्न चरित्रकारांनी केलेला आहे. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, दोन्ही कथांच्या केंद्रस्थानी गाणेच आहे. पहिली कथा नाममुद्रेची, म्हणजे कर्तृत्वाच्या हक्काची आहे. दुसरी कथा निर्वाहाची आहे. मध्ययुगीन संतपरंपरेत नाममुद्रा ही पदाची ओळख आणि प्रामाण्य या दोहोंची खूण असते. दुसऱ्याचे अभंग म्हणणारा मुलगा स्वतःच्या मुद्रेने गाऊ लागतो, हा क्षण गायकाच्या आयुष्यात दीक्षेइतकाच निर्णायक मानला पाहिजे. येथून पुढे त्याच्या पदांत ‘तुकड्या’ किंवा ‘तुकड्यादास’ ही मुद्रा येते. तुकोबांच्या नावाशी असलेले तिचे नादसाम्य ऐकणाऱ्याला परंपरेची आठवण देते, आणि तिच्यातील न्यूनत्व बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याच्या पंक्तीत बसविते.

यानंतरचा कालखंड, म्हणजे स्थूलमानाने १९२० ते १९३५, चरित्रग्रंथांत तपश्चर्येचा काळ म्हणून येतो. रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा येथील अरण्यांत व गुहांत त्यांनी वास केला असे वर्णन आढळते. साधनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ही स्थळे नकाशावर मांडून पाहिली म्हणजे एक वेगळीच गोष्ट ध्यानी येते. रामटेक नागपूरच्या उत्तरेस, सालबर्डी अमरावती व बैतूल यांच्या सीमेवर, गोंदोडा चांदा जिल्ह्यातील चिमूरच्या परिसरात. वऱ्हाडी मुलूख, नागपुरी मुलूख, झाडीपट्टी आणि सातपुड्याचा हिंदी प्रदेश या चारही भाषिक पट्ट्यांतून हा तरुण हिंडला. ही त्याची पायपीट म्हणजेच त्याची गायनशाळा होती. ज्याला घराणे नाही, उस्ताद नाही, त्याने चाली गोळा करावयाच्या त्या रस्त्यावर, यात्रेत व मुक्कामाच्या गावी. नंतर प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भजनसंग्रहांत पदांच्या माथ्यावर ‘तर्ज’ किंवा ‘चाल’ म्हणून दुसऱ्या एखाद्या गाण्याचा निर्देश केलेला असतो. वाङ्मयाचा अभ्यासक या निर्देशावरून सहसा पुढे सरकतो. पण संगीताच्या इतिहासाचे खरे साधन तेच होय. लोकांच्या कानात आधीच बसलेली चाल घ्यावयाची व तीत नवा आशय भरावयाचा, ही पद्धती त्यावरून स्पष्ट दिसते. ऐकणाऱ्याला चाल शिकावी लागत नाही. दुसऱ्या कडव्याला तो साथ धरतो.

दोन भाषांतून रचना करण्याचे कारणही याच पायपिटीत आहे. मध्यप्रांत व वऱ्हाड हा द्विभाषिक प्रांत होता, व १९५६ पर्यंत येथील मराठी जिल्हे हिंदी जिल्ह्यांबरोबर एकाच राज्यकारभाराखाली राहिले. पुण्या-मुंबईच्या गायकाला ज्या हिंदीची गरज राष्ट्रभावनेपोटी वाटली, ती वऱ्हाडच्या गायकाला शेजारधर्मापोटी लागत होती. तुकडोजींची हिंदी व्याकरणाच्या काट्यावर तोलून पाहिल्यास तिच्यात मराठी वळणे पुष्कळ सापडतील. बैतूलच्या श्रोत्याला त्यांची अडचण वाटली असेल, असे संभवत नाही.

येथे गाडगेबाबांशी तुलना अटळ आहे. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. ते वाढले अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आजोळच्या गावी. १९०५ साली त्यांनी घर सोडले. म्हणजे तुकडोजी गाऊ लागले त्या वेळी गाडगेबाबांच्या कीर्तनाने वऱ्हाडातील श्रोता दोन तपे तयार होत आलेला होता. अंधश्रद्धा, पशुबळी, सावकारी, अस्पृश्यता हे विषय सार्वजनिक ठिकाणी, रात्रीच्या वेळी, गाण्या-बोलण्यातून ऐकावयाचे असतात, ही सवय त्यांनी लावली. तुकडोजी या तयार जमिनीवर उभे राहिले, हे मान्य केल्याने त्यांचे श्रेय उणावत नाही. मात्र दोघांच्या माध्यमांत मूलभूत अंतर आहे. गाडगेबाबांचे कीर्तन हे मुख्यतः संभाषण. वऱ्हाडी बोलीतील प्रश्नोत्तरे हा त्याचा प्राण. ते कीर्तन गाडगेबाबांवाचून दुसऱ्याला करता येणे कठीण होते. तुकडोजींचे भजन पदात बांधलेले असल्याने ते त्यांच्यापासून सुटे करता येत होते. महाराज गावातून निघून गेले, तरी पद गावात राही.

आणि ते पद ज्या वाद्यावर राही, ते वाद्य खंजिरी. तुकडोजींच्या उदयाचा विचार करताना या लहानशा वाद्याकडे जेवढे लक्ष द्यावयास हवे, तेवढे दिले गेलेले नाही. लाकडी कड्याच्या एका बाजूस कातडे ताणून बसविलेले, कड्याच्या खाचांतून पितळी चकत्यांच्या जोड्या ओवलेल्या; एका हाताने धरावयाचे, दुसऱ्या हाताने वाजवावयाचे. ताल आणि झंकार दोन्ही एकाच वाद्यातून निघतात. वारकरी भजनास वीणा लागते, मृदंग लागतो, तो वाजविणारा जाणकार लागतो, टाळकऱ्यांची शिस्तबद्ध रांग लागते. शिवाय अभंगांचा क्रमही ठरलेला. मृदंगाची किंमत गरीब वस्तीला न झेपणारी, आणि मृदंगी प्रत्येक गावात असतोच असे नाही. खंजिरी मात्र झोळीत मावते, पावसात आडोसा शोधते, शेतातून परतलेल्या गड्याला चार दिवसांत हाती बसते. ती पूर्वी बहुधा भटक्या साधू-फकिरांच्या हाती दिसे. तुकडोजींनी तिला गावच्या चावडीत आणून बसविले.

या भजनाची बांधणीही सहेतुक आहे. अग्रभागी बसलेला गायक ओळ टाकतो, मागची मंडळी ती उचलतात. आरंभी लय संथ. शब्द नीट ऐकू यावेत एवढा अवकाश प्रत्येक ओळीला मिळतो. हळूहळू लय वाढते, खंजिरीचे बोल दाट होतात, आणि शेवटी ऐकणारे व गाणारे असा भेद उरत नाही. शास्त्रीय संगीताच्या दृष्टीने यात विस्तार नाही, रागाची शुद्धता नाही. ती येथे अपेक्षितही नाही. मुख्य गुण आहे तो स्पष्ट शब्दोच्चाराचा आणि दूरवर पोहोचणाऱ्या खुल्या आवाजाचा. ध्वनिक्षेपकावाचून मैदानात बसलेल्या समाजापुढे गाणाऱ्याला हे दोन गुण अलंकारिक तानेपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

जगाच्या दुसऱ्या भागात याच सुमारास घडत असलेल्या एका घटनेशी हे ताडून पाहणे उद्बोधक ठरेल. अमेरिकेच्या दक्षिणेकडील खेड्यांतील गाणे याच दशकात खेड्याबाहेर पडले. १९२५ साली नॅशव्हिल येथील नभोवाणी केंद्रावरून ग्रामीण गायनवादनाचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. १९२७ च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्टल या गावी एका ध्वनिमुद्रिका कंपनीने जिमी रॉजर्स या रेल्वे कामगाराचे गाणे मुद्रित केले, आणि १९३३ साली अकाली मृत्यू येण्यापूर्वी तो देशभर पोहोचला. तोही गरिबीतून आलेला, तोही चाली रस्त्यावर गोळा करणारा. परंतु त्याला कंपनी व नभोवाणी यांनी वर उचलले. गाणे विकाऊ वस्तू झाले आणि गायक व श्रोता यांच्यामध्ये यंत्र आले. वऱ्हाडात असे कोणतेही यंत्र नव्हते. नागपूरचे आकाशवाणी केंद्रच मुळी १९४८ साली सुरू झाले. तुकडोजींचे गाणे पसरले ते यात्रा, आठवडी बाजार, सप्ताह आणि भजनी मंडळे यांच्या द्वारा. म्हणजे प्रत्येक गावाने ते पुन्हा गाऊन पसरविले. ध्वनिमुद्रिकेच्या जागी येथे मंडळ होते. त्यामुळे गाण्याबरोबर संघटनाही आपोआप उभी राहत गेली. तुकडोजींच्या कार्याचे पुढचे सर्व स्वरूप या एका गोष्टीने ठरले, असे म्हणण्यास हरकत नाही.

या प्रसाराला प्रथमच दृश्य रूप आले ते १९३५ च्या सालबर्डी येथील यज्ञात. सालबर्डीला महादेवाची गुहा आहे, व महाशिवरात्रीला तेथे यात्रा भरत आलेली आहे; वऱ्हाडातील जथे गाणी म्हणत तेथे जात. म्हणजे गायकाने निवडलेले स्थळ हे गाणाऱ्या समाजाचेच जुने स्थळ होते. यज्ञास तीन लाखांहून अधिक लोक आले असे भक्तमंडळींच्या लेखनात येते. हा आकडा अक्षरशः घ्यावा की न घ्यावा, याविषयी मतभेद होऊ शकेल. परंतु समुदाय असाधारण होता, आणि त्याला आमंत्रण पोहोचविणारी साधने भजनी मंडळांवाचून फारशी नव्हती, याविषयी होऊ नये. त्याच साली अमरावती-नागपूर रस्त्यावरील मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली. भटक्या गायकाला ठिकाणा मिळाला, आणि विखुरलेल्या मंडळांना केंद्र. गुरुदेव सेवामंडळाच्या शाखा व सामुदायिक प्रार्थनेची पद्धती यांचा विस्तार येथून झाला. प्रार्थनेला जातिधर्माचे बंधन नव्हते. सर्वांनी एका रांगेत बसावयाचे, हा तीत दंडक होता. अस्पृश्यतेवर व्याख्याने पुष्कळ झाली. परंतु एका चटईवर बसून एकाच ओळीला साथ धरावयास लावणे ही क्रिया त्या काळच्या खेड्यात व्याख्यानापेक्षा अवघड होती, आणि जेथे ती साधली तेथे गाण्याच्या बळावर साधली.

पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, गांधीजींनी त्यांस सेवाग्राम येथे बोलावून घेतले, व सुमारे महिनाभर त्यांचा तेथे मुक्काम झाला. भजन ऐकून गांधीजींनी मौनाच्या दिवशीही उद्गार काढले, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिका खरी असो वा नसो, गांधीजींच्या सायंप्रार्थनेला अशा गायकाचे मोल काय होते, हे तिच्यावरून कळते. काँग्रेसची वऱ्हाडातील चळवळ तोवर मुख्यतः वकील, व्यापारी व शहरी सुशिक्षित यांच्या नेतृत्वाखाली चाललेली होती. १९३० साली अकोल्याजवळील दहीहंडा येथे खाऱ्या पाण्याच्या विहिरींवर मिठाचा सत्याग्रह झाला, पुसद येथे बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रह केला; खेडी त्यांत सहभागी झाली, पण खेड्याची स्वतःची वाणी त्या चळवळीला अद्याप लाभलेली नव्हती. तुकडोजींपाशी ती वाणी तयार होती. सेवाग्रामच्या मुक्कामाने त्यांच्या पदांत स्वराज्य, खादी, श्रमदान हे शब्द अधिक ठळकपणे आले. गांधीजींनी त्यांस घडविले असे म्हणणे मात्र उलटा क्रम लावण्यासारखे होईल. गांधीजींनी त्यांस बोलावले तेच मुळी ते घडलेले होते म्हणून.

या वाणीचे सामर्थ्य सरकारने ओळखले ते १९४२ मध्ये. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चांदा जिल्ह्यातील चिमूर व वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे उठाव झाला. जनता व पोलीस या दोन्ही बाजूंनी माणसे मेली, आणि त्यानंतर चिमूरवर जी दडपशाही झाली तिने सारा देश हादरला. यावलीतही त्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसे बळी पडली. ते गाव पुढे ‘यावली शहीद’ या नावाने ओळखले जाऊ लागले. हे दोन्ही परिसर तुकडोजींच्या भजनाचे जुने मुलूख: एक जन्मभूमी, दुसरी साधनेची भूमी. सभेला बंदी घालणे, वृत्तपत्राचा जामीन जप्त करणे, पुस्तक सरकारजमा करणे यांचे कायदे सरकारजवळ होते. देवळाच्या ओट्यावर चाललेल्या भजनाला कोणते कलम लावावे, हा खरा पेच होता. तो पेच गायकालाच अटक करून सोडविण्यात आला. ऑगस्टच्या अखेरीस चांदा येथे त्यांस पकडण्यात आले. नागपूर व रायपूरच्या तुरुंगात त्यांस ठेवण्यात आले, आणि डिसेंबर १९४२ मध्ये त्यांची सुटका झाली. उठावाची योजना त्यांनी आखली, असे मानण्याची गरज नाही. लोक एकत्र बसण्याची, एका आवाजात बोलण्याची व भीती सोडण्याची जी सवय भजनाने लावली, तिचा सरकारने घेतलेला धसका म्हणजे ही अटक होय. यावलीच्या गरीब घरातील माणिकला शासनाने दिलेली ही पहिली मान्यता, असेही एका अर्थाने म्हणता येईल.

यापुढील चरित्र सुपरिचित आहे. राजेंद्रप्रसादांनी त्यांचा ‘राष्ट्रसंत’ म्हणून गौरव केला. एकेचाळीस अध्यायांची ओवीबद्ध ग्रामगीता पन्नासनंतरच्या वर्षांत सिद्ध झाली. १९५५ साली जपानमधील विश्वधर्म परिषदेत ते गेले, व तेथेही त्यांनी खंजिरीवरच भजन म्हटले. १९५६ साली स्थापन झालेल्या भारत साधुसमाजाचे ते पहिले अध्यक्ष. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज मोझरी येथे त्यांचे देहावसान झाले. पद जसजसे वाढत गेले, तसतसा गायक मागे पडत गेला. चरित्रकारांनी त्यांस संत, समाजसुधारक व ग्रंथकार मानले आणि गाणे हे त्यांच्या कार्याचे केवळ साधन ठरविले. ग्रामगीता अभ्यासक्रमात आली, तिच्यावर प्रबंध झाले. भजनांचा विचार मात्र शब्दांपुरताच राहिला.

खेड्यांनी हा क्रम मानलेला नाही. अमरावती व अकोला जिल्ह्यांत खंजिरी भजनाच्या स्पर्धा आजही भरतात. अकोला जिल्ह्यातील सिरसोलीच्या सत्यपाल महाराजांनी एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजविण्याची कला सिद्ध केली, आणि तिच्या साहाय्याने तुकडोजी व गाडगेबाबा या दोघांचेही प्रबोधन एका मंचावर आणले. गाडगेबाबांचे वऱ्हाडी संभाषण व तुकडोजींचे वाद्य यांचा तेथे मिलाफ झालेला दिसतो. स्पर्धेत उतरलेल्या मंडळातील म्हातारा टाळकरी हाती छापील संग्रह घेत नाही. त्या संग्रहात पदाच्या माथ्यावर ज्या गाण्याची तर्ज म्हणून नोंद असते, ते मूळ गाणे पुष्कळदा त्याने कधी ऐकलेले नसते; त्याच्या लेखी ती चाल तुकडोजींचीच.